मारोतरावांवर उधळलेले युरो

गल्लीतल्या नत्थूकाकानं रुमालाची गाठ सोडली आणि आतल्या दोन वस्तू गिरिधरसमोरच्या ताटलीत ठेवल्या. एक पांढरट कडी आणि एक पिवळी टिकली. कडी मधून रिकामी होती, तिच्यातून बोट आरपार गेलं असतं.

"पाह्य गिरिधर," नत्थूकाका म्हणाला, "तुह्या बापाचा पैसा फुटला."

गिरिधर नुकताच घाटावरून राख सावडून आला होता. न्हाऊन सतरंजीवर टेकला होता आणि बायकोनं, प्रेमलतानं दिलेला कोरा चहा अजून हातातच होता. एरवीही कुकरची शिट्टी जोरात झाली तरी दचकणारा हा माणूस. बाप जाऊन तीन दिवस होत नाहीत तर बापाचा पैसा फुटला म्हणे! त्यानं चहा खाली ठेवला.

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे काय म्हणजे? परवा मयतीवर तुह्या पोट्ट्यानं लाह्या अन् पैसे उधळले न? त्यातला एक म्या उचलला. पणतवासाठी. मारोतराव नव्वदीच्या पार गेला, असा पैसा काय रोज रोज भेटते? सोनाराकडे नेला भोक पाडाले. त्यानं टोचा लावून हातोडी मारली, अन् फटकन मधलं भाईर! आता तूच सांग, असं कधी होते का? म्या म्हटलं, गिरिधरले विचारतो अन् दुसरा पैसा घेऊन येतो."

म्हाताऱ्या माणसाच्या मयतीवरचा पैसा लेकराच्या गळ्यात बांधला की लेकरू तेवढंच जगतं, हे नंदनवन वस्तीत कोणाला शिकवावं लागत नाही. मारोतराव घाटोळे गेले तेव्हा तर गल्लीतल्या बायका पोरं कडेवर घेऊनच उभ्या होत्या. पैसा पडला की झडप. कोणी रडत होतं, कोणी वेचत होतं, आणि यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

गिरिधरनं पिवळी टिकली उचलली. तिच्यावर मोठा घुमट होता, भोवती भिंत होती. रुपया कुठं नव्हता, सिंह कुठं नव्हता. "हे आपलं नाही वाटत," तो पुटपुटला.

उन्नती पाण्याचा तांब्या ठेवायला आली होती. सुशीलची मुलगी, गिरिधरची पुतणी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिनं ताटलीत पाहिलं आणि तिथंच गुडघ्यावर बसली.

"मोठेबाबा, हे व्हॅटिकनचं आहे."

"कायचं?"

"व्हॅटिकनचं. दोन युरो. हे आजोबांच्या डब्यातलं आहे. हे तुमच्याकडे कसं आलं, नत्थूआजोबा?"

नत्थूकाकानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पण उन्नती थांबलीच नाही. ती आतल्या खोलीत धावली. लोखंडी कपाटाचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला, आणि मग अशी हाक आली की शेजारच्या घरी भांडी घासणारी बाईसुद्धा थांबली.

"मोठीआई!"

आता हाक मारायला घरात माणसं काय कमी होती? पण ही पोरगी लहानपणापासून पडली-झडली की मोठ्या आईलाच, प्रेमलतालाच, हाक मारायची. आज मात्र ती हाक सगळ्यांना आरोपासारखी ऐकू आली. तिथंच सगळं बिनसलं.

उन्नती डबा घेऊन बाहेर आली. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तिनं तो सतरंजीवर उपडा केला. मलमलच्या कापडाचे तुकडे पडले, दुसरं काही पडलं नाही.

त्या डब्यात काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सुशील हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. पॅकिंगच्या मशिनी शिकायला कंपनी त्याला वरचेवर इटलीला पाठवायची. तिथं बाकीचे लोक सुट्टीत बाजार फिरायचे, हा बस नाहीतर रेल्वे धरून असल्या देशात जायचा की जे नकाशात बोटाखाली झाकून जातात. सान मारिनो, मोनॅको, व्हॅटिकन, अँडोरा. प्रत्येक ठिकाणाहून बापाला एक कार्ड टाकायचा, तिथलंच तिकीट लावून. मारोतराव इतवारीत पोस्टमन होते. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, स्वतःला पत्र येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "ज्याचं स्वतःचं तिकीट, तो देश," ते म्हणायचे. "मग तो आपल्या नंदनवनाएवढा काहून नसेना."

तिकिटं मारोतरावांची आणि नाणी सुशीलची, अशी बाप-लेकाची वाटणी होती. हे छोटे देश खास प्रसंगाला दोन युरोचं वेगळं नाणं काढतात, कमी काढतात, आणि ते सजवलेल्या पुठ्ठ्यात बसवून विकतात. सुशील पुठ्ठ्यासकट आणायचा. मारोतराव पुठ्ठा फाडून नाणं बाहेर काढायचे. "प्लास्टिकात पैशाचा जीव गुदमरते," असं त्यांचं म्हणणं. सुशील डोक्याला हात लावायचा. मग एका खेपेला सुशील इटलीतच गेला. हृदय बंद पडलं म्हणे. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. उन्नती तेव्हा दुसरीत. बापाचा आवाज तिला आता नीटसा आठवत नव्हता, पण कोणतं नाणं बापानं कुठून आणलं ते आजोबांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तिचा बाप म्हणजे तो डबा, असं म्हटलं तरी चालेल.

"हर्षितदादा," ती म्हणाली, "तू काय उधळलं परवा?"

गिरिधरचा मुलगा हर्षित दाराशी मोबाइल घेऊन उभा होता.

"लाह्या... अन् चिल्लर. खाली दहा-दहाचे होते. मले वाटलं दहाचेच आहेत. तसेच दिसतात न, दोन रंगांचे... गर्दीत कोण पाहते, उन्नती? मुठी भरल्या अन् फेकल्या."

"सगळे?"

"टोपलं रिकामं झालं होतं."

"बापा रे!" गिरिधरनं कपाळाला हात लावला. "टोपलं तुले कोणं देलं?"

हर्षितनं आईकडे पाहिलं. त्याला पाहायचं नव्हतं, पण पाहिलं गेलं.

"हाव, मी देलं," प्रेमलता म्हणाली. "लाह्या मी भरल्या. चिल्लर शोभाताईनं काढून ठेवली होती ती वर टाकली अन् पोट्ट्याच्या हाती देलं. मंग?"

शोभाताई, मारोतरावांची लेक, काटोलहून आली होती आणि माहेरचं माणूस गेल्यावर लेकीला जो अधिकार येतो तो पूर्ण वापरत होती. ती भिंतीशी बसली होती, आता सरकून पुढं आली.

"माह्यी चिल्लर बटवाभर होती, वयनी. एक-एक, दोन-दोनचे. त्यात विलायती कुठून येईन? मी काय विलायतेले जाऊन आली का?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय हाये?"

"माह्यं काहीच म्हणणं नाही. पण मागच्या दिवाळीत ह्याच खोलीत कोण म्हणत होतं, की मेलेल्या माणसाच्या वस्तू कपाट अडवून राहिल्या म्हणून? मी होती बसून. बाबा पण होते. बाबानं त्या दिवशी जेवण नाही केलं."

ते वाक्य प्रेमलतानं म्हटलं होतं, खरं आहे. सुशीलचे कोट कसरीनं खाल्ले होते, त्याबद्दल म्हटलं होतं. डब्याबद्दल नव्हे. पण घाटोळ्यांच्या घरात बोललेलं वाक्य कधी मरत नाही. कोपऱ्यात बसून राहतं आणि बरोबर नको त्या दिवशी उठतं.

"ते कोटाबद्दल होतं," ती म्हणाली.

"आता कोटच म्हणान तुम्ही," शोभाताई म्हणाली.

"आत्या, आईले काहून बोलून राहिली तू?" हर्षित भडकला. "उधळले मी, मले बोल. चोर सोडून संन्याशाले फाशी!"

"तू गप बस बे!" गिरिधर ओरडला. आणि मग बायकोकडे वळून जे बोलला ते बोलायला नको होतं. "प्रेमा, खरं सांग. तुले तो डबा डोळ्यांत खुपत होता का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. हा माणूस रेशनच्या रांगेत दुसऱ्याला पुढं जाऊ देणारा, बायकोला आवाज न चढवणारा. आज सगळ्यांसमोर, परक्या नत्थूकाकासमोर, त्यानं असं विचारावं! प्रेमलताला धक्का डब्याचा बसलाच नाही, या प्रश्नाचा बसला. तिनं उन्नतीकडे पाहिलं. ती खाली मान घालून मलमलचे तुकडे गोळा करत होती. सुशील गेल्यावर त्याच्या बायकोला, अस्मिताला, त्याच कारखान्यात नोकरी मिळाली, ती सकाळी कंपनीच्या बसनं हिंगण्याला जायची ते दिवेलागणीला परतायची. या पोरीची वेणी कोणी घातली? गोवर निघाला तेव्हा उशाशी कोण बसलं? आणि आज ही मान खाली घालून बसली आहे, एक शब्द बोलत नाही.

"उन्नती, तुलेही तसंच वाटते का वं?"

"मला काही माहीत नाही, मोठीआई," उन्नती रडत म्हणाली. "मला फक्त बाबाची नाणी पाहिजेत."

"पाहिजेत म्हणजे माह्यापाशी आहेत असं वाटते तुले."

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," शोभाताई म्हणाली. "टोपलं तुम्ही भरलं, वयनी. मंग डब्याले काय पाय फुटले?"

प्रेमलता उठली. ज्या जागी मारोतरावांनी प्राण सोडला तिथं जमिनीवर पीठ पसरून टोपली झाकली होती आणि शेजारी दिवा तेवत ठेवला होता. दहा दिवस विझू द्यायचा नाही असा तो दिवा. ती त्याच्यासमोर बसली.

"मी ह्या दिव्यावर हात ठेवून सांगतो आता. मंग तर खरं वाटन न तुम्हाले? डब्याले हात लावला असन तर माह्या हर्षितचं..."

"आई!"

"प्रेमा, थांब, अवं थांब!"

मयताच्या दिव्यावर, तेही पोटच्या पोराची शपथ. नत्थूकाकासुद्धा उठून उभा राहिला. प्रेमलताचा तळवा ज्योतीवर आला होता, आणि तेवढ्यात कोणीतरी तिचं मनगट घट्ट पकडून मागं ओढलं.

अस्मिता होती. स्वयंपाकघराच्या दारातून ती कधी आली ते कोणालाच कळलं नाही. हाताला कणिक तशीच होती.

"नका, प्रेमाताई," ती म्हणाली. "डबा मी ओतला."

शोभाताईचं तोंड उघडं राहिलं ते तसंच.

"तू ओतला म्हणजे?" शेवटी गिरिधर म्हणाला. "चुकून?"

"नाही भाऊजी. चुकून नाही. बाहेर तुम्ही तिरडी बांधत होते. टोपल्यात लाह्या भरून ठेवल्या होत्या. मी लाह्या बाजूला केल्या, खाली नाणी ओतली आणि वर लाह्या पसरल्या. मग प्रेमाताईंनी टोपलं उचललं. त्यांना काहीच माहीत नव्हतं."

"अन् मंग आता एवढा वेळ तोंड शिवून बसली होती?" प्रेमलताचा आवाज फाटला. "मले सगळे कुत्र्यासारखे फाडून राहिले, अन् तू कणिक मळत होती?"

"हो," अस्मिता म्हणाली. दाराआड उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं. प्रत्येक वाक्याला वाटत होतं, आता जावं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर उन्नतीचं तोंड येत होतं. गिरिधर रागावेल, नणंद बोलेल, ते तिला सोसवलं असतं. लेकीला सांगायची तिची छाती होत नव्हती. "भीती वाटली. माफ करा म्हणायचं तोंड नाही मला."

"पण काहून? काहून केलं तू असं?" गिरिधर खरंच गोंधळला होता. "सुशीलची निशाणी ती. बाबानं जीव लावला तिले."

अस्मिता खाली बसली. पदराला हात पुसत बसली, कणिक निघेना.

"तुम्हाला आठवतं भाऊजी, ह्यांना आणलं तो दिवस? विमानतळावरून पेटी आली. पेटी उघडू नका म्हटलं. घरी आणली नाही, गाडीतून तशीच घाटावर. खांदा नाही, लाह्या नाही, काही नाही. मामाजींनी त्या दिवशी सदऱ्याच्या खिशातून पैशाची मूठ काढली होती. उधळणारच होते. लोकांनी त्यांचा हात धरला. मारोतराव, तरण्या पोराच्या मयतीवर पैसा उधळत नाहीत. मामाजी मूठ तशीच धरून घरी आले. मी पाहिलं आहे. रात्री जेवायला बसले तरी मूठ सुटली नव्हती." तिनं बोटांवरची कणिक खरवडली. "परवा मामाजींवर सगळे उधळत होते. बायका पोरं घेऊन धावत होत्या. मला वाटलं, ह्यांचं पण जाऊ द्यावं बरोबर. बापाच्या मागं मागं. ह्यांच्यासाठी पण कोणीतरी वाकून काही उचलावं. एवढंच वाटलं. दुसरं काही डोक्यात नव्हतं."

गिरिधरनं तोंड फिरवलं. त्या दिवशी बापाचा हात धरणाऱ्यांत तो स्वतःही होता.

"आई," उन्नती म्हणाली. तिचा आवाज आता एकदम थंड झाला होता. "ती नाणी तुझी नव्हती."

"उन्नती..."

"तुझ्याजवळ बाबा होते. इतकी वर्षं होते. भांडले असतील, हसले असतील, तुला सगळं आठवतं. माझ्याजवळ काय आहे? माझ्याजवळ तो डबा होता. तू मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं."

"हो! नाहीच म्हटलं असतं! मग?"

हर्षित पुढं होऊन बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तिनं झटकला.

आणि तेवढ्यात शोभाताईनं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

"अवं माय! अवं अस्मिता, तुले समजते का तू काय केलं ते?" तिचे डोळे विस्फारले होते. "म्हाताऱ्याचा पैसा म्हणून बायकांनी उचलला. लेकरांच्या गळ्यात बांधला. नव्वद वर्षं जगन म्हणून बांधला! अन् तो कोणाचा निघाला? तरणाताठा मेला त्याचा! तू लोकांच्या लेकरांच्या गळ्यात काय बांधलं वं!"

या गोष्टीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. अस्मिताच्याही नाही. ती आत्ता पहिल्यांदा ते ऐकत होती. तिनं भिंतीचा आधार घेतला.

"म्हणूनच फुटला तो पैसा," शोभाताई हळू आवाजात म्हणाली. "म्हणूनच."

मग सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं की नत्थूकाका अजून इथंच आहे. सगळं ऐकलं आहे त्यानं. हा म्हातारा आता चपला घालेल, गल्लीत जाईल, पारावर बसेल, आणि संध्याकाळच्या आत नंदनवनातल्या सगळ्या पोरांच्या गळ्यातले काळे दोरे कापले जातील. उद्यापासून सुशीलचं नाव निघालं की बाया लेकरं पदराआड घेतील. चांगल्या पोराचं नाव मेल्यावर इतक्या वर्षांनी विटाळून जाईल, आणि ते करणारी त्याचीच बायको.

गिरिधरनं हात जोडले. "काका, तुमच्या पाया पडतो. भाईर काही..."

"माझे बाबा अपशकुनी नव्हते!"

उन्नती किंचाळली. आत्ताच आईवर उलटलेली ही पोरगी आता आत्यासमोर उभी ठाकली होती. "ते शिकायला गेले होते. काम करत होते. हृदय बंद पडलं त्यांचं. त्यात त्यांचा काय गुन्हा? आजोबांना ते दर ठिकाणाहून कार्ड पाठवायचे. अपशकुनी माणूस असं करतो का? आत्या, तू तुझ्या सख्ख्या भावाला असं म्हणतेस?"

आपण भावाला असं म्हटलं आहे हे शोभाताईला आत्ता कळलं. ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. "मी असं नाही म्हटलं वं... मी लेकरांचं म्हटलं... माहा भाऊ होता तो..."

नत्थूकाका उभाच होता. त्याच्या तोंडाकडे पाहायची कोणाची हिंमत नव्हती. त्यानं वाकून ताटलीतली कडी उचलली. मग टिकली उचलली. टिकली कडीत बसते का पाहिलं. बसत होती, पण हात काढला की निघत होती.

"सुशील लहान असताना माह्या अंगणातले पेरू चोरे," तो म्हणाला. कोणाशी बोलत होता कोण जाणे. "तरणा गेला. लई वाईट झालं ते."

त्यानं टिकली पुन्हा कडीत दाबली.

"गिरिधर, मले एक सांग. माणूस नव्वद वर्षं जगला तर त्याचं आयुष्य संपलं. त्याच्यापाशी उरलं काय? काहीच नाही. अन् जो चाळिसात गेला, त्याचं उरलेलं कुठं जाते? कुठी तरी जात असन न? वाया कसं जाईन एवढं? तर लागू दे न माह्या पणतवाले." त्यानं रुमाल झटकला आणि दोन्ही तुकडे पुन्हा त्यात ठेवले. "म्हाताऱ्याचं घेऊन तरी काय करू मी. मी स्वतःच म्हातारा हावो."

शोभाताईनं तोंडातला पदर काढला. गिरिधर बघतच राहिला. अस्मिता भिंतीशी तशीच बसली होती आणि आता तिच्या घशातून जो आवाज निघाला तो या घरानं सुशील गेल्या दिवशीही ऐकला नव्हता. त्या दिवशी ती रडलीच नव्हती.

प्रेमलता दिव्यापाशी होती. जावेवरचा राग तिच्या डोक्यातून गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. तरी ती उठली, अस्मिताजवळ जाऊन बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मग कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढून तिनं आतून एक नाणं उन्नतीपुढं केलं.

"घे. मयत निघाली तेव्हा कोपऱ्यावर मी पण एक उचललं होतं. घरच्यानं उचलाचं नसते, मले माहीत हाये. पण तुह्या बापाचं हृदय असं बंद पडलं, तेव्हापासून मले तुह्या जिवाची भीती वाटते. तेराव्यानंतर तुह्या गळ्यात बांधणार होती. दहाचंच समजून ठेवलं, पाह्यलं पण नाही."

उन्नतीनं नाणं तळहातावर घेतलं. अँडोराचं होतं. बापानं शेवटच्या खेपेच्या आधी आणलेलं.

नत्थूकाकाची नजर त्या अख्ख्या नाण्यावर गेली. तो बिचारा दुसरं नाणं मागायलाच तर आला होता. उन्नतीनं ते पाहिलं. एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग मूठ मिटली.

"हे मी देणार नाही, आजोबा."

"नको देऊ वं, बाई. तुह्या बापाचं हाये."

"पण तुमचं ते तसं नका नेऊ. भोक नाही पडत त्याला, दोन धातूंचं असतं. कापडात शिवावं लागेल. द्या इकडे."

तिनं सतरंजीवरचा मलमलचा एक तुकडा उचलला. कडी ठेवली, कडीत टिकली बसवली, कापड घट्ट दुमडलं. आत जाऊन सुईदोरा घेऊन आली.

"सुतकात सुई हाती घेत नसतात, उन्नती," शोभाताई सवयीनं म्हणाली.

"घेऊ द्या तिले," प्रेमलता म्हणाली.

उन्नती खाली बसली. दोरा जिभेवर ओला केला, सुईच्या नाकासमोर धरला. दोरा बाजूनं गेला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. हर्षितनं हात पुढं केला, तिनं त्याला सुई दिली नाही. प्रेमलतानं केला, तिलाही दिली नाही. सरकत सरकत ती आईसमोर गेली आणि तिच्या तोंडाकडे न पाहता सुई आणि दोरा तिच्यापुढं धरला.

"ओवून दे," ती म्हणाली. "माझ्यानं ओवला जाऊन नाही राहिला."